पुढचे शॉकअप

मागचं चाक फिरत होतं, पुढचं फिरत नव्हतं. गाडी उताणी पडली होती. पेट्रोल गळत होतं आणि सड्याच्या तांबड्या मातीवर काळा डाग पसरत चालला होता. आमचे हे चार हात पलीकडे पडले होते, एक हात अंगाखाली, तोंड आभाळाकडे. हेल्मेटमधून दिसणारे डोळे उघडे होते, पण ते कुणाकडे बघत नव्हते. ढोल वाजवणारे थांबले. तेवढ्यात पायवाटेवरून माझा मुलगा विलास धावत वर आला. डोक्यात गुलाल, कमरेला शेला, आणि हातात लोखंडाची वीतभर पट्टी. ती पट्टी गाडीला लावायची राहिली होती म्हणून ती घेऊन तो धावला होता. आला आणि गाडीपाशी थांबला. आधी चाकाकडे बघितलं, मग बापाकडे.

लोकांनी तेवढंच बघितलं. आधी चाक, मग बाप. गावाला पुढे तेवढं पुरलं.

पट्टी त्याच्या हातातून खाली पडली. नवऱ्याला टेम्पोत घातल्यावर मी ती उचलली आणि पदराच्या टोकात बांधून घरी आणली. का आणली म्हणाल तर चांगलं लोखंड होतं.

यंदा पुन्हा मोहोर फुलला. आमच्या दारातल्या कलमाला इतका आला की पान दिसत नव्हतं. मोहोराचा वास लोकांना आवडतो. मला पूर्वी आवडत होता की नाही, आठवत नाही. आता तो वास आला की पाठोपाठ नाकात जळक्या तेलाचा वास येतो, टू-स्ट्रोक गाडीच्या निळ्या धुराचा, आणि मला वाटतं पडवीत कुणीतरी पाना खाली ठेवला. पडवीत कुणी नसतं. ताडपत्रीखाली गाडी असते आणि खुर्चीवर हे असतात, मान ताठ, काठी मांड्यांवर आडवी.

गाडी आमच्याकडे आली तीसुद्धा अशाच दिवसांत. लग्नाला फार वर्षं झाली नव्हती. हे तेव्हा हर्णैहून मासळीचा ट्रक घेऊन कोल्हापूरला जायचे. तिकडे चिखलात गाड्या पळवायच्या शर्यती होत. माणसं गाड्या घेऊन उंचवट्यावरून उड्या मारायची. ह्यांनी ते बघितलं आणि ह्यांचं डोकं फिरलं. एकदा मासळी उतरवून परत आले तर रिकाम्या ट्रकात बर्फाच्या पाण्यात ही गाडी उभी. दिवा नाही, आरसा नाही, चिखलपत्रे वर चढवलेले, सायलेन्सर पोटाजवळून वर वळलेला. मला म्हणाले, "कशी हाय?" मी म्हटलं, "बांगड्याचा वास येतोय." खरंच येत होता. चार दिवस धुतली तरी येत होता.

आमच्या गावात माणसं खाली खाडीच्या अंगाला राहतात आणि वर सडा, म्हणजे कातळाचं उघडं पठार. पावसाळ्यानंतर सड्यावरचं गवत वाळतं, मग ते कापतात, उरलेलं जाळतात, आणि शिमग्याच्या सुमाराला वर नुसता कातळ आणि तांबडी माती राहते. पीक नाही, गुरांना चारा नाही, कुणाचं नुकसान नाही. तिथे ह्यांनी आणि ह्यांच्यासारख्या आणखी दोघातिघा रिकामटेकड्यांनी गाड्या पळवायला सुरुवात केली. एका टोकाला जुनी चिरेखाण आहे. चिरे काढून काढून तिथे पुरुषभर उंचीची पायरी झाली आहे. त्या पायरीवरून गाडी हवेत न्यायची आणि खालच्या मातीत उतरवायची. तिला खाणीची उडी म्हणत. ती उडी मारताना ब्रेक लावायचा नाही, हे बघायला येणाऱ्या बायकांनासुद्धा ठाऊक होतं. ज्याने लावला त्याला वर्षभर चिडवत.

ह्यांनी कधी लावला नाही. पण खाली आपटले की पुढचे शॉकअप तळाला लागायचे आणि खण्ण असा आवाज माझ्या घरापर्यंत यायचा. शॉकअप म्हणजे चाकाच्या दोन्ही बाजूंच्या नळ्या. आत स्प्रिंग आणि तेल असतं. चाकाला बसलेला दणका हाताला पोचू नये एवढंच त्यांचं काम. ह्यांच्या गाडीचे शॉकअप ते काम अर्धंच करायचे, उरलेलं ह्यांची मनगटं करायची. शिमगा झाला की मनगटं सुजलेली असायची. मी निगडीचा पाला गरम करून शेकत बसायची. म्हणायची, "पालखी नाचवून हात सुजले तर देवाला तरी सांगता येतं. हे कुणाला सांगणार?" हे म्हणायचे, "शेक गपचूप."

हे सगळं जुनं झालं. ट्रक सुटला, गाडी मागच्या खोपीत पडली, तिच्यावर कोंबड्या बसू लागल्या. विलास मोठा झाला, रस्त्याला लागून त्याने गॅरेज टाकलं. हात चांगला होता त्याचा. आई म्हणून सांगत नाही. आई म्हणून सांगायचं तर तो हट्टी आहे आणि जेवताना बोलत नाही.

मग एका वर्षी गावातल्या पोरांच्या मंडळाने ठरवलं की शिमग्यात सड्यावर जुन्या गाड्यांची शर्यत पुन्हा लावायची. मंडळाची पोरं ह्यांना सांगायला आली. "अण्णा, तुमी नुसतं गाडीवर बसून एक फेरी मारा. मान तुमचा." ह्यांनी तोंडाने नाही म्हटलं. पोरं गेल्यावर खोपीत जाऊन कोंबड्यांना हाकललं.

विलास रात्री जेवताना बोलला, म्हणजे काहीतरी मोठंच होतं. "अण्णा, गाडी मी बनवतो. पण पुढचे शॉकअप बदलायचे. त्या जुन्या नळ्यांवर तुमी खाणीवरून उतरलात तर मनगटं हातात येतील."

"जुन्यांना काय धाड भरलीय?"

"त्यांना नाय, तुमाला भरलीय. गिलास धरताना हात कापतो तुमचा."

ह्यांनी ताट पुढे केलं. मी भात वाढला. आमच्या घरात बापाची काळजी अशीच बोलून दाखवायची पद्धत होती.

त्या मोहोराचे दिवस मला जसेच्या तसे आठवतात. थंडी उशिरापर्यंत राहिली होती. संध्याकाळी गॅरेज बंद करून विलास यायचा आणि दोघं पडवीत बसायचे. बल्बखाली पोतं अंथरलेलं, त्यावर सगळं सुटं. शॉकअप कोल्हापूरच्या जुन्या बाजारातून आणले, कुठल्या तरी नव्या गाडीचे, जाड आणि लांब. ते जुन्या गाडीला बसेनात. शॉकअप धरून ठेवणारा जो वरखालचा जोड असतो, त्याला ते टी म्हणतात, तोही नव्या गाडीचाच घ्यावा लागला. टीचा दांडा जुन्या गाडीच्या मानेत मावेना. मग चिपळूणला लेथवर नवा दांडा करून आणला. तो घट्ट झाला. परत नेला. मला वाटलं होतं, नळी काढायची आणि नळी घालायची. तसं नसतं. एक वस्तू बदलली की तिला चिकटलेली दुसरी बदलावी लागते, मग तिसरी.

दोघं भांडायचे, पण ते चांगलं भांडण होतं. विलास म्हणायचा, "पाना तिरका धरू नका." हे म्हणायचे, "तू लंगोटीत होतास तेव्हापासून पाना धरतोय मी." तेल किती घालायचं यावरून एकदा दोघांनी एकमेकांशी दोन दिवस अबोला धरला आणि तरी रोज संध्याकाळी पोत्यावर समोरासमोर बसले. विलास नळीत सील बसवायला फवारणीच्या पाइपाचा तुकडा कापून घ्यायचा आणि त्यावर हलके हलके ठोकायचा. हे बल्ब हातात धरून उभे राहायचे. मी चुलीपुढून बघायची. बाप आणि मुलगा इतका वेळ एका जागी मी त्याआधी बघितले नव्हते. त्यानंतर तर नाहीच.

ज्या दिवशी शॉकअप बसले त्या दिवशी ह्यांनी गाडीवर बसून हॅन्डल दाबलं. गाडी पुढून खाली गेली आणि वर आली. आवाज नाही. पुन्हा दाबलं. "अगो, हिकडं ये," मला हाक मारली. "बघ. गादीवर बसल्यागत." ते हसत होते. वरच्या दोन दातांची जागा रिकामी आहे, म्हणून हे सहसा तोंड उघडून हसत नाहीत. त्या दिवशी हसले.

चाकावरून मात्र ह्यांनी ऐकलं नाही. विलास म्हणत होता, नव्या शॉकअपला नवं चाक घाला, डिस्क ब्रेकवालं. हे म्हणाले, "चाक माझंच राहील. एवढं तरी माझं राहू दे गाडीत." जुन्या चाकाचा ब्रेक चाकाच्या आत असतो आणि त्याची एक झाकणासारखी प्लेट असते. ती चाकाबरोबर गरगरू नये म्हणून तिला शॉकअपला अडकवावं लागतं. जुन्या शॉकअपला तशी खाच होती. नव्याला नव्हती. म्हणून विलासने एक पट्टी केली, एक टोक प्लेटला आणि दुसरं शॉकअपला. पहिली पट्टी नुसती माप घ्यायला केली होती, पातळ पत्र्याची. तिच्यावरून चिपळूणला जाड लोखंडाची खरी पट्टी करून आणली. ती फडक्यात गुंडाळून पडवीच्या कोनाड्यात ठेवली. शर्यत दोन दिवसांवर होती. उद्या बसवतो, म्हणाला. तोवर गाडीला ती पातळच राहिली.

दुसऱ्या दिवशी पालखी आली.

शिमग्यात आमच्या गावात देवाची पालखी घरोघर फिरते. कुठल्या दिवशी कुणाकडे ते ठरलेलं असतं. आमच्याकडे ती शर्यतीनंतर यायची होती. पण वाटेवरच्या एका घरात म्हातारं माणूस गेलं, सुतक पडलं, ते घर वगळलं, आणि पालखी आधीच आमच्या दारात. धावपळ झाली. विलास पालखीला खांदा देणारा, ती घेऊन तोच अंगणात आला. पाट मांडला, देव पडवीत बसवला. रात्री वस्तीला देव आमच्याकडेच राहणार असं ठरलं.

देव घरात असेपर्यंत आमच्यात लोखंडाला लोखंड लावत नाहीत. कोयती दाराआड जाते. विळी उलटी करून वर कापड टाकतो. भाजी आधी चिरलेली असेल ती, नाहीतर आख्खे काळे वाटाणे. माझ्या सासूच्या आधीपासून हे असंच आहे आणि त्यात कधी कुणाला अडचण वाटली नाही, कारण कुणाच्या घरात शर्यतीची गाडी नव्हती.

माणसं पांगल्यावर विलासने कोनाड्यातून फडकं काढलं.

"काय करतंस?" ह्यांनी विचारलं.

"पट्टी. दहा मिनटांचं काम हाय."

"देव बसलाय घरात आणि तू पाना फिरवणार?"

"मागं खोपीत नेतो गाडी."

"खोप काय घराबाहेर हाय?"

विलासने देवाकडे बघितलं. मग फडकं पुन्हा कोनाड्यात ठेवलं. आजही मला कुणी विचारलं की कोण चुकलं होतं, तर त्या रात्री कुणी चुकलं नव्हतं. तो देवाला मानतो आणि बापालाही मानतो. देव आणि बाप दोघं एकाच पडवीत बसले होते. तो काय करणार?

सकाळी पालखी उठली. विलास खांद्याला लागला. चुंबळ ठेवता ठेवता बापाला म्हणाला, आणि हे मी माझ्या कानांनी ऐकलं, "अण्णा, मी पालखी पोचवून येतो, मंग पट्टी बदलतो. तोवर गाडी न्यायची नाय. आणि नेलातच तर पुढचा ब्रेक मारायचा नाय."

"उडीवर मी कधी ब्रेक मारलाय?" हे म्हणाले.

"नाय मारलात. म्हणून तर सांगतंय, आताही नको."

पालखी वाडीतून वळली. पुढच्या घरी ओट्या भरायला बायका जास्त होत्या, तिथे उशीर झाला. सड्यावर माणसं जमली होती आणि मंडळाची पोरं दोनदा बोलवायला येऊन गेली. हे गाडी हाताने ढकलत चढ चढले. मी मागून पाण्याची कळशी घेऊन गेले. वर वारा होता. जळलेल्या गवताची राख उडून पोरांच्या पांढऱ्या सदऱ्यांवर बसत होती. ह्यांनी किक मारली. निळा धूर. पोरं ओरडली. मला ते सगळं तरुणपणासारखं वाटलं असं मी लिहिणार नाही. नवरा म्हातारा दिसत होता आणि हेल्मेट त्याला मोठं होत होतं.

पहिली अर्धी फेरी चांगली गेली. फार चांगली गेली. पूर्वी गाडी कातळावर नाचायची, हात थरथरायचे, दात वाजायचे. त्या दिवशी ती बोटीसारखी चालली होती. मला नंतर बसून बसून हे कळलं. पूर्वी वेग वाढला की हातांना दणका बसायचा आणि हात ह्यांना सांगायचे, पुरे. विलासच्या शॉकअपनी दणका काढून टाकला. सांगणारं कुणी राहिलं नाही. खाणीच्या पायरीवर हे आयुष्यात कधी आले नव्हते इतक्या जोरात आले.

मग गाडी पुढच्या चाकावर उभी राहिली आणि उलटली.

मी खाणीच्या दुसऱ्या अंगाला होते. ह्यांची बोटं ब्रेकवर होती की नाही, मला दिसलं नाही.

चिपळूणच्या दवाखान्यात खुब्यात सळई घातली, मानेला पट्टा बांधला. तिसऱ्या दिवशी हे बोलायला लागले. गावातली माणसं कॉटभोवती उभी होती. विलास उशाला पाण्याचा पेला धरून उभा होता. कुणीतरी विचारलं, "अण्णा, झालं काय नेमकं? ब्रेक मारलात की काय?"

हे म्हणाले, "ब्रेक कसला? मी ब्रेक मारलाच नाय. शॉकअप अडकला."

विलासने पेला खाली ठेवला. घरी आणल्यावर एकदाच बोलला. "अण्णा, शॉकअप अडकलेला नाय. मी खोलून बघितला. पातळ पट्टी पिळवटून तुटलीय, प्लेट फिरलीय, ब्रेकची तार गुंडाळून चाक धरलंय. ब्रेक मारल्याशिवाय असं होत नाय."

"तू आता मला गाडी शिकवणार?"

"मी फकस्त विचारतंय."

"मी तुला सांगितलं काय झालं ते."

मी मध्ये म्हटलं, "अहो, आठवा जरा." हे भिंतीकडे बघायला लागले. मान वळत नव्हती तरी डोळे भिंतीकडे नेले.

एवढंच. आरडाओरडा झाला नाही. मोठी भांडणं मी पुष्कळ बघितली, ती विझतात. हे विझलं नाही, कारण ते पेटलंच नव्हतं.

गॅरेजवर गाड्या येईनाशा झाल्या. तोंडावर कुणी काही बोललं नाही. पण नळावर मी ऐकलं, शेजारची इंदू तिच्या जावयाला सांगत होती, "विलासकडं नको रे नेऊस. बापाला पाडलान त्यानं." मी कळशी भरली आणि म्हटलं, "इंदू, तुझ्या जावयाची गाडी ढकलल्याशिवाय चालू होत नाय, ती कोण पाडणार?" ती हसली, मीही हसले. पण गाड्या आल्या नाहीत. पावसाळ्यापूर्वी विलासने गॅरेजच्या फळ्या लावल्या आणि बायकोपोरांना घेऊन मुंबईला गेला. तिकडे तो इमारतींच्या लिफ्ट बसवतो. एकदा फोनवर मी विचारलं, "काम कसं हाय?" म्हणाला, "लिफ्ट वर जाते, खाली येते. उडी मारत नाय."

शिमग्याला तो येतो. खांदा त्याच्या घराण्याचा आहे, तो सोडता येत नाही. उतरतो गुहागरला सासुरवाडीत. आमच्या घरात पाय ठेवतो तो फक्त देव खांद्यावर असताना. देवाबरोबर येतो, देवाबरोबर जातो. मी देते ते पाणी पितो. बाप पडवीत खुर्चीवर असतो आणि देव दोघांच्या मध्ये असतो. असे शिमगे गेले.

ती जाड पट्टी मी स्वयंपाकघराच्या खिडकीला लावली आहे. खाडीवरून वारा आला की ती खिडकी आपटायची. पट्टीला दोन्ही टोकांना भोकं आहेत, एकात खिळा, दुसऱ्याने फळी अडकते. मापाला केल्यासारखी बसली. हे जेवायला बसतात तिथून ती समोर दिसते. ह्यांनी कधी म्हटलं नाही की काढ. मीही काढली नाही.

यंदा पालखी दुपारी आली. ऊन चढलं होतं, गुलाल घामाने गालांवर ओघळला होता. अंगणात नाचवली, मग पडवीत पाटावर ठेवली. ओट्या भरून झाल्या. विलास पाणी प्यायला स्वयंपाकघराच्या दारात आला. मी तांब्या दिला. पाणी पिता पिता त्याची नजर खिडकीवर गेली आणि घोट तोंडातच राहिला.

"ही ती?" त्याने विचारलं.

"तीच."

त्याने हात लांब करून पट्टीवरून बोट फिरवलं, भोकापर्यंत. मी त्याच्या खांद्यावरून बघितलं. पडवीतून हे आमच्याकडे बघत होते. मान वळत नाही म्हणून अख्खे खुर्चीसकट वळले होते.

मग गाऱ्हाणं सुरू झालं. घरच्या माणसाच्या मनात जे असेल ते गुरव देवापुढे मांडतो, आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला जमलेली माणसं व्हय म्हाराजा म्हणतात. गुरवाने नारळ हातात घेतला. "बा म्हाराजा, हे तुझं लेकरू आज तुला सांगणं करतंय..."

"व्हय म्हाराजा."

"त्याच्या पोराबाळांना, गुराढोरांना सुखी ठेव..."

"व्हय म्हाराजा."

गुरवाने ह्यांच्याकडे बघितलं. "अण्णा, आणखी काय सांगायचं हाय?"

दरवर्षी हे मान हलवून नाही म्हणतात, म्हणजे डोळ्यांनी म्हणतात. यंदा काठी टेकून उभे राहिले. "मी सांगतो," म्हणाले. गुरव बाजूला झाला. हे देवाकडे बघत होते, विलासकडे नाही.

"म्हाराजा, सड्यावर शॉकअप अडकला नव्हता."

"व्हय म्हाराजा," माणसं म्हणाली. सवयीने म्हणाली.

"पोरानं सांगितलेलं, ब्रेक मारू नका. मी घाबरलो. मी मारला."

"व्हय म्हाराजा."

तेव्हा कुठे लोकांच्या ध्यानात आलं, आपण कशाला हो म्हटलं ते. ढोलवाला ढोलाच्या कातड्याकडे बघायला लागला. इंदूने पदर तोंडाला लावला, मग राहवलं नाही तिला. "अण्णा, हे सांगायला इतकी सालं?" कुणी हसलं नाही. हे तसेच उभे. जे होतं ते संपलं होतं. एवढंसंच होतं ते.

विलास स्वयंपाकघराच्या दारातून पडवीत गेला. मला वाटलं होतं तो बोलेल. किंवा पाया पडेल, किंवा ओरडेल. तो बापाच्या समोरून पालखीपाशी गेला, चुंबळ खांद्यावर नीट केली. जाताना पडवीच्या कोपऱ्यात थांबला आणि ताडपत्रीचं टोक उचललं. शॉकअपच्या नळ्यांवर खारं वारं लागून पांढरे-तांबडे ठिपके पडलेत. सील फाटलेत, तेल गळून फरशीवर सुकलंय. त्याने नळीवर अंगठा फिरवला, अंगठ्याकडे बघितलं, ताडपत्री खाली सोडली.

"ह्या आता गेल्या," तो म्हणाला. कुणाला म्हणाला ते कळलं नाही. बापाने उत्तर दिलं.

"नवीन आणता येतील?"

"येतील. पण गाडीला हात लागत नाय आता माझा."

"मला तेव्हाच..." हे म्हणाले आणि थांबले.

"मला तेव्हाच ठाऊक होतं, अण्णा," विलास म्हणाला. "तुमी सांगायची वाट बघत होतो."

मग त्याने दांड्याखाली खांदा दिला. "उचला रे." ढोल वाजला. पालखी अंगणातून बाहेर पडली, आंब्याच्या खालून गेली आणि मोहोर देवाच्या छत्रीवर झडला. बेड्याजवळ, अंगणाच्या फाटकाशी, त्याने मान वळवून मला हाक मारली.

"आये, ती पट्टी काढू नको हां. वाऱ्यानं खिडकी आपटंल."

शिमगा संपल्यावर तो मुंबईला गेला. जाताना आला नाही. त्याचा फोन येतो, माझ्याशी बोलतो, शेवटी विचारतो, "अण्णा जेवले?" आधी विचारत नव्हता. मी म्हणते, जेवले. हे समोर बसलेले असतात, हात पुढे करत नाहीत आणि मी फोन देत नाही. सांगायचं ते देवाला सांगून झालंय आणि देवाने ते विलासच्या देखत ऐकलंय. आता पुढे काय बोलायचं ते दोघांनाही येत नाही.

गॅरेजच्या फळ्यांवर वाळवी चढली आहे. सड्यावर मंडळाची पोरं नव्या गाड्या पळवतात, त्यांचा आवाज बारीक आणि किरकिरा असतो. मोहोर गळून बारीक कैऱ्या धरल्या आहेत. माणूस मेलं असतं तर तेराव्याला गाव जेवलं असतं आणि गोष्ट संपली असती. तसं झालं नाही. त्या सकाळी सड्यावर आम्ही तिघं होतो, माझा नवरा, माझा मुलगा आणि मी. तिघंही वाचलो.